बॉइन नदीच्या कांठीं एक दिवस

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हांस आयर्लंडला जाण्याचा योग आला. आमची भाची बारा वर्षांपासून डब्लिन शहरांतील एका रुग्णालयांत परिचारिका आहे. तिनें आजवर पुष्कळ वेळां बोलाविलें होतें. परंतु शिक्षकाची निम्मी सुटी उत्तरपत्रिकांत जाते, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच. या खेपेस मात्र आम्ही निघालोंच.

पोहोंचल्याच्या दुसऱ्या दिवशीं भाचीनें विचारलें, "मामा, काय काय पाहायचं? समुद्राचे कडे कीं डोंगरांतलीं तळीं?"

आम्हीं सांगितलें, "मला आधीं ट्रिमला ने."

"ट्रिमला? तिथं काय आहे?"

डब्लिनपासून ट्रिम अवघें 45 किलोमीटर. परंतु बारा वर्षांत ती तेथें एकदांहि गेली नव्हती. याबद्दल तिला हंसण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. आमच्या शाळेपासून असई गांव मोटारीनें दोन तासांच्या आंत आहे, आणि इतकीं वर्षें इतिहास शिकवूनहि आम्हीं एकाहि वर्गास तेथें नेलेलें नाहीं.

असईचें नांव येथें कां आलें तें सांगतों. जालना जिल्ह्यांतील या खेड्याजवळ 23 सप्टेंबर 1803 रोजीं दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा कंपनी सरकारच्या सैन्यानें पराभव केला. त्या सैन्याचा सेनापति आर्थर वेलस्ली. हाच पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि 1815 सालीं वॉटर्लूच्या रणांगणावर त्यानें नेपोलियनास हरविलें. त्याचें बालपण ट्रिमजवळील डँगन येथील वाड्यांत गेलें. 1790 पासून सात वर्षें तो ट्रिमचाच प्रतिनिधि म्हणून आयरिश पार्लमेंटांत होता. आमचें मूळ घर असईपासून दोन कोसांवर. आजोबांच्या वेळीं दाराला टेकू म्हणून एक लोखंडी तोफगोळा ठेवलेला असे. तो शेत नांगरतांना सांपडलेला. गोळा शिंद्यांचा कीं कंपनीचा, यावर आजोबा व त्यांचे धाकटे बंधु दर दिवाळीस वाद घालीत. तेव्हां ज्या गांवाहून तो मनुष्य आमच्या शिवारांत आला, तें गांव एकदां पाहावें, अशी इच्छा फार दिवसांची होती.

रविवारीं सकाळीं भाची, तिचा दहा वर्षांचा मुलगा व आम्ही असे तिघे बसमध्यें बसलों. नातवाशीं आम्ही मराठींत बोलत होतों आणि तो इंग्रजींत उत्तरें देत होता. "कळतं त्याला सगळं, मामा, बोलत नाहीं एवढंच," असें भाची म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहूं लागली. बाहेर पाहण्यासारखें विशेष कांहीं नव्हतें. हिरवीं कुरणें, मेंढ्या आणि पुन्हां कुरणें.

ट्रिमची वस्ती नऊ हजारांच्या थोडी वर. परंतु गांवांत शिरतांच जो किल्ला समोर उभा राहतो, तसा प्रचंड नॉर्मन किल्ला साऱ्या आयर्लंडांत दुसरा नाहीं. आपले किल्ले म्हटले म्हणजे डोंगर डोळ्यांपुढें येतात. हा मात्र बॉइन नदीच्या कांठचा भुईकोट आहे. ह्यू द लेसी या सरदारास इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री यानें 1172 सालीं मीथ प्रांत दिला. त्यानें येथें प्रथम लांकडी गढी उभारली. लवकरच आयरिश राजा रोरी ओकॉनर चालून आला, आणि गढी जळाली. मग दगडी काम सुरू झालें, तें सुमारें तीस वर्षें चाललें. तटाच्या आंत तीन हेक्टर मोकळें मैदान आहे, आणि मध्यें मुख्य बुरूज. त्याचा आकार विलक्षण आहे. मूळ चौकोनाच्या चारहि बाजूंस एक-एक चौकोनी जोड दिल्यामुळें त्यास वीस बाजू झाल्या. इतके कोपरे कां केले असावेत, हें आम्हांस उमगलें नाहीं. कोपरा जितका अधिक, तितकी शत्रूला पोखरावयास जागा अधिक.

किल्ला 1993 सालीं सरकारनें विकत घेतला, आणि 2000 सालापासून तो लोकांस खुला आहे. तटाच्या आंत आपले आपण फिरावें. बुरुजांत मात्र वाटाड्याबरोबरच जावें लागतें. आंत किल्ल्याच्या निरनिराळ्या काळांतील प्रतिकृति मांडल्या आहेत. जिने अरुंद आणि पायऱ्या उंच. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीं खालींच थांबावें. आम्ही थांबलों नाहीं, व त्याचें फळ रात्रीं भोगलें. वाटाडी बाई मोठी बोलकी होती. 1971 सालीं उत्खननांत येथें दहा माणसांचे सांगाडे सांपडले, आणि त्यांतील एकालाहि शिर नव्हतें, असें तिनें सांगतांच आमचा नातू, जो तोंवर जांभया देत होता, तो सर्वांत पुढें जाऊन उभा राहिला. चोरदरोडेखोरांचीं डोकीं मारून तीं भाल्यांवर लावावींत, असा हुकूम 1465 सालीं निघाला होता; तेच हे असावेत. याच किल्ल्यांत 1994 सालीं 'ब्रेव्हहार्ट' या चित्रपटाचें चित्रीकरण झालें. सभोंवारच्या बहुतेक प्रवाशांचें लक्ष लेसीपेक्षां त्याकडेच अधिक होतें.

किल्ल्याच्या पायथ्याशीं नदी उथळ आहे. गांवाच्या आयरिश नांवाचा अर्थ 'एल्डर झाडांच्या उताराचें गांव' असा आहे. नदी जेथें पायीं ओलांडतां येते, त्या जागेस आपल्याकडेहि उतारच म्हणतात. हें ऐकून आम्ही क्षणभर थबकलों. असईच्या लढाईच्या दिवशीं केळणा नदीला जवळपास उतार नाहीं, असें वेलस्लीस वाटाड्यांनीं सांगितलें होतें. त्यानें पाहिलें कीं, दोन्ही कांठांवर समोरासमोर दोन खेडीं आहेत. शेजारच्या गांवांत जाणें-येणें असणारच, तेव्हां मध्यें उतार असलाच पाहिजे. त्या तर्कावर त्यानें फौज नदींत घातली, आणि तर्क खरा ठरला. ही गोष्ट आम्ही दरवर्षीं वर्गांत सांगतों. ज्या गांवाचें नांवच उतारावरून पडलें त्या गांवाजवळ हा मनुष्य वाढला, हें मात्र आम्हांस नवें होतें. यांत कार्यकारणभाव आहे, असें आमचें म्हणणें नाहीं.

वेलिंग्टनचा स्तंभ किल्ल्यापासून फार दूर नाहीं. 1817 सालीं तो उभारला. उंच दगडी खांब आणि माथ्यावर पुतळा. इतक्या उंचीवर कीं चेहरा नीट दिसत नाहीं. खालीं एक वृद्ध गृहस्थ आपल्या कुत्र्यास घेऊन उभे होते. आम्ही कोठून आलों, असें त्यांनीं विचारलें. आम्हीं असईचें नांव घेतलें. त्यांस तें ठाऊक नव्हतें. वॉटर्लू तेवढें ठाऊक होतें. या ड्यूकनेंच म्हातारपणीं आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, या प्रश्नास 'असई' असें एका शब्दांत उत्तर दिल्याचें सांगतात, असें आम्ही म्हणालों. ते हंसले, आणि म्हणाले कीं, आम्हां आयरिश लोकांस हा माणूस आपला म्हणावा कीं नाहीं, हेंच अजून ठरवितां आलेलें नाहीं. तें खरेंच असावें. याच गांवांत एका रस्त्यास रॉबर्ट एमेटचें नांव आहे. इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव केल्याबद्दल एमेटला डब्लिनमध्यें फांशी दिलें, तो दिवस 20 सप्टेंबर 1803. असईच्या आधीं अवघे तीन दिवस.

त्या स्तंभाखालीं उभें राहून काय वाटेल, याची कल्पना आम्हीं पुष्कळदां केली होती. प्रत्यक्षांत राग आला नाहीं आणि अभिमान वाटण्याचें तर कारणच नव्हतें. मनांत आली ती एक लाजच. त्या एका दुपारीं वेलस्लीच्या सैन्यांतले दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. त्यांत स्कॉटिश पलटणी होत्या, तसे मद्रासेचे शिपाईहि होते. शिंद्यांकडचे कितीतरी पडले. सेनापतींचीं नांवें आम्हांस तोंडपाठ; परंतु आमच्या स्वतःच्या गांवांतून त्या दिवशीं कोण गेलें व कोण परत आलें नाहीं, हें आम्हीं आजोबांस कधीं विचारलेंच नाहीं. गोळा कोणाचा, एवढेंच ऐकत बसलों.

नदीच्या पलीकडे टॅलबट कॅसल नांवाची दगडी इमारत दिसते. मूळ ती 1415 सालची. ती आम्हीं दुरूनच पाहिली. परंतु दिवसभरांत जें पाहिलें त्यांत आम्हांस सर्वांत अधिक मोल तिचेंच वाटलें. कारण येथें पूर्वीं शाळा होती, आणि त्या शाळेच्या चालकांचा पुतण्या विल्यम रोवन हॅमिल्टन येथें वाढला. त्याचा जन्म 1805 सालचा, डब्लिनचा. तीन वर्षांचा असतांनाच त्यास ट्रिमला काकांकडे ठेविलें. काकांस भाषांचें वेड, आणि पुतण्याची बुद्धि तीक्ष्ण. पांचव्या वर्षीं लॅटिन, ग्रीक व हिब्रू; पुढें अरबी, फारशी, संस्कृत, हिंदुस्थानी; आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास जी यादी वडिलांनीं लिहिली आहे, तींत मलय व बंगाली यांबरोबर मराठीहि आहे!

वाचकहो, हा काळ लक्षांत घ्या. पुण्यास अद्याप पेशवाई होती. इंग्रजींतून मराठी शिकावयाचीं साधनें मोजकीं. बंगालमधील सेरामपूरचे मिशनरी विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण 1805 सालीं आणि कोश 1810 सालीं निघाला होता. अशा वेळीं बॉइनच्या कांठीं एक दहा वर्षांचें पोर आपली भाषा शिकूं पाहत होतें. त्याला ती कितपत येत होती, याविषयीं पुढील अभ्यासकांनीं शंका घेतली आहे, आणि ती रास्तहि असेल. शिवाय या साऱ्या भाषा निव्वळ हौसेखातर नव्हत्या. मुलास कंपनी सरकारांत चाकरी मिळावी, असें वडिलांच्या मनांत होतें, असें सांगतात. तो हिंदुस्थानांत आला नाहीं. गणितानें त्याला ओढून नेलें. 16 ऑक्टोबर 1843 रोजीं डब्लिनच्या कालव्याकांठीं पत्नीसह चालतांना त्याला एक सूत्र सुचलें, तें त्यानें चाकूनें पुलाच्या दगडावर कोरलें. त्यांतून निघालेल्या 'क्वाटर्निअन' संख्या आज अवकाशयानांची दिशा सांभाळावयास लागतात, आणि मुलांच्या संगणकी खेळांतलीं चित्रेंहि त्यांच्याच बळावर वळतात.

संगणकी खेळ म्हणतांच नातवानें मान वर केली. आम्हीं त्यास म्हटलें, "अरे, तुझ्याएवढा मुलगा तिथं बसून मराठी शिकत होता."

त्यानें इमारतीकडे पाहिलें, आमच्याकडे पाहिलें आणि विचारलें, "कशाला?"

हा त्या दिवशींचा त्याचा पहिला मराठी शब्द. आम्हांस चटकन् उत्तर सुचलें नाहीं. कंपनीची चाकरी, हें खरें उत्तर. परंतु तें त्याला कसें पुरणार? भाची कांहीं बोलली नाहीं. तिनें पिशवींतून डबा काढला, आणि आम्हीं नदीकांठच्या बांकावर पोळीभाजी खाल्ली.

पाहण्याजोगें आणखी पुष्कळ आहे. सुमारें 40 मीटर उंचीचा 'यलो स्टीपल', म्हणजे मठाचा 1368 सालचा, आतां अर्धाच उरलेला मनोरा, उन्हांत पिवळा दिसतो. त्याच्या जवळच 'शीप गेट', गांवकुसाच्या वेशींपैकीं वांचलेली एकुलती एक. 'गलिव्हर'चा कर्ता जॉनथन स्विफ्ट जेथें धर्मोपदेशक होता, तें लॅराकोर तीनच किलोमीटरवर. आयरिश राजांची टारा टेंकडी आम्हीं पुढच्या रविवारीं पाहिली. येथें 1843 सालच्या 15 ऑगस्टला डॅनियल ओकॉनेलच्या सभेस लाखों लोक लोटले होते. तारीख ऐकून आम्हांस गंमत वाटली.

जेवणानंतर नदीच्या कडेकडेनें आम्ही न्यूटाउनपर्यंत चालत गेलों. वाटेंत कांहीं मुलें होड्या वल्हवीत होतीं. न्यूटाउन येथें 1206 सालीं स्थापन झालेल्या मोठ्या चर्चचे भग्न अवशेष आहेत, आणि जवळच्या कबरस्तानांत सोळाव्या शतकांतील एका सरदाराची व त्याच्या पत्नीची समाधि. दगडांत कोरलेल्या दोन मूर्ति शेजारीं निजलेल्या, मध्यें तलवार. त्यामुळें लोक त्यांस 'मत्सरी नवराबायको' म्हणतात. अंगावरच्या चामखिळीस टांचणी घांसून ती या मूर्तींमध्यें ठेवावी. टांचणी गंजली कीं चामखीळ जाते, अशी समजूत आहे. तेथें टांचण्यांचा खच पडला होता. आपल्याकडच्या नवसांची आम्हांस आठवण झाली. आम्हीं टांचणी ठेवली नाहीं. भाचीनें मात्र हळूच एक ठेवली. रुग्णालयांत काम करणारी ती!

शेवटीं 'एको गेट'. रस्त्याकडेला एक साधें फाटक आहे. तेथें उभें राहून नदीपलीकडच्या अवशेषांकडे तोंड करून ओरडलें कीं, शब्द स्पष्ट परत येतो. नातवानें आधीं आपलें नांव हाकारलें, मग एका फुटबॉल संघाचें. दोन्ही परत आलीं. मग तो किंचित् थांबला, आईकडे चोरून पाहिलें, आणि मोठ्यानें ओरडला, "कोन आहे?"

पलीकडून आलें, "कोन आहे?"

त्याला स्वतःलाच तें बरोबर वाटलें नसावें. त्यानें आमच्याकडे वळून विचारलें. आम्हीं जीभ कोठें लावावयाची तें दाखविलें. "कोण," आम्ही म्हणालों. "कोन," तो म्हणाला. भाचीनें घड्याळ दाखविलें. बसला वीस मिनिटें उरलीं होतीं. तो फाटकाच्या आडव्या दांडीवर चढला, आणि पुन्हां ओरडला.