बर्फाच्या अंगणात : औली

ऐन हिवाळ्यात आणखी थंडीच्या गावाला जायचं म्हटलं, की घरातली मंडळी आधी हसतात आणि मग सर्दी-खोकल्याची यादी वाचून दाखवतात. पण मैत्रिणींनो, महाबळेश्वर-माथेरान दोन-तीनदा झालं असेल, मुलं हाताशी आली असतील आणि गर्दीचा कंटाळा आला असेल, तर एकदा औलीचा विचार कराच.

औली उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठाच्या अगदी डोक्यावर आहे. उंची साधारण अडीच ते तीन हजार मीटर. इथं ना मोठा बाजार, ना फिरायला माल रोड. देवदाराची झाडं, बर्फाची लांबच लांब उतरण आणि समोर ७८१६ मीटर उंचीची नंदादेवी. जानेवारी २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतल्या शर्यती इथं झाल्या. एरवी मात्र सकाळी जाग येते ती शांततेनंच!

हरिद्वारपर्यंत रेल्वेनं जा आणि रात्री तिथं किंवा ऋषिकेशला मुक्काम करा. ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर आहे; डोंगरातला रस्ता, सगळा दिवस जातो. वाटेत देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे चार संगम लागतात. गाडी लागत असेल तर सकाळी पोटभर खाऊ नका, आलं-लिंबू जवळ ठेवा. जोशीमठाहून वर औलीला पूर्वी रोपवेनं जाता येई. तो जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला, तेव्हा जीपचाच हिशेब धरून निघा.

स्की करायला जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ बरा. तरी बर्फ काही आपल्या रजेप्रमाणे पडत नाही, म्हणून निघण्याआधी फोनवर चौकशी करा. बूट, काठ्या, स्की सगळं भाड्यानं मिळतं. ‘या वयात कसलं स्की?’ असं मनात आणू नका. पहिला धडा थांबण्याचा असतो. दोन्ही पायांची पुढची टोकं जवळ आणायची, टाचा फाकवायच्या आणि गुडघे वाकवायचे, की वेग मोडतो. पडणार असं वाटलं तर मागं न पडता कुशीवर पडायचं. आमच्या गटात सगळ्यात आधी उभी राहायला शिकली ती दोन नातवंडांची आजी!

कपड्यांचं सांगते. एकच जाड कोट घेण्यापेक्षा एकावर एक तीन थर घाला. आतला थर सुती नको. घामानं ओला होतो आणि मग गार पडतो. लोकरी मोजे जास्तीचे घ्या. काळा गॉगल हवाच, कारण बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना आणि कातडीलाही भाजतं. खोबरेल तिथं बाटलीतच थिजतं, म्हणून साधं क्रीम जवळ असू द्या.

जेवणाची चिंता नको. तिथली मंडुव्याची रोटी म्हणजे आपली नाचणीची भाकरी, आणि गहतची डाळ म्हणजे आपला कुळीथ. थंडीत हेच उष्ण म्हणून ती माणसंही खातात. एवढ्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून कुकरशिवाय डाळ शिजत नाही. स्वयंपाकाला वेळ लागला तर कुरकुर करू नका.

परतताना जोशीमठात एक दिवस काढाच. हिवाळ्यात बद्रीनाथाचं देऊळ बंद असतं आणि शंकराचार्यांची गादी इथल्या नृसिंह मंदिरात येते. तिथल्या मूर्तीचं मनगट दिवसेंदिवस बारीक होतंय आणि ते तुटेल तेव्हा बद्रीनाथची वाट बंद होईल, असं लोक मानतात.

ही श्रद्धेची गोष्ट. पण जानेवारी २०२३ मध्ये या गावाची जमीन खरोखरच खचली. आठशेहून जास्त इमारतींना तडे गेले, कित्येक कुटुंबांना भरल्या घरातून बाहेर पडावं लागलं. हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय, इथं जड बांधकाम नको, झाडं लावा, असं मिश्रा समितीनं १९७६ मध्येच सांगून ठेवलं होतं. आमच्या मुक्कामाच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक तडा होता. त्यावर बाईंनी कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहिली होती. “पट्टी फाटली का, ते रोज चहा ठेवताना बघते, दीदी,” त्या म्हणाल्या. आपण दूध उतू जातंय का बघतो, तसं!

याच भागात, धौलीगंगेच्या खोऱ्यातल्या रैणी गावी मार्च १९७४ मध्ये गौरादेवी आणि गावातल्या बायकांनी झाडांना कवटाळून जंगलतोड थांबवली होती. गावात पुरुषमाणसं नसताना!

मग तिथं जावं की नाही? माझं मत विचाराल तर जावं, पण जपून. मोठ्या हॉटेलाऐवजी घरगुती मुक्काम निवडा, म्हणजे पैसा त्या बाईच्या हातात पडतो. पाणी बेतानं वापरा. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या सामानातून परत आणा. बर्फाखाली झाकलेला कचरा वितळल्यावर त्यांच्याच अंगणात निघतो. आणि निघण्याआधी रस्त्याची, हवेची चौकशी करायला विसरू नका. परतीच्या रेल्वेआधी एक दिवस मोकळा ठेवा. बर्फात रस्ता अडला तर तोच उपयोगी पडतो.