रडणारं लेकरू बरं

आठ वर्षांचा असताना मला टायफॉइड झाला आणि माजलगावच्या एका दवाखान्यात मी नऊ दिवस ॲडमिट होतो. आजही स्पिरिटचा वास आला की ती लोखंडी खाट, सलाईनची बाटली आणि खाटेखाली चादर टाकून झोपलेली अम्मी आठवते. अब्बा संध्याकाळी मोंढ्यातून येताना पावाचा पुडा आणायचे.

तिथल्या एका सिस्टरचा मला फार राग होता. "दुखणार नाही" म्हणून तिनं सुई टोचली आणि चांगलंच दुखलं. शेजारच्या खाटेवर ऊसतोड कामगाराचं पोरगं होतं, पाचेक वर्षांचं. सोबत फक्त त्याची आजी. ते कधी रडायचं नाही. मी गळा काढून रडायचो, तरी सिस्टर माझ्याकडं न येता सारखी त्याच्याच खाटेपाशी जायची. मला ते अन्यायाचं वाटायचं. एका सकाळी ती खाट रिकामी दिसली. त्याला रात्रीच जीपमधून अंबाजोगाईला नेलं होतं. पुढं त्याचं काय झालं, मला कधीच कळलं नाही.

हे सगळं मी विसरलो होतो, असं म्हणायला हरकत नाही. कारण आपाच्या मुलीनं बारावीनंतर नर्सिंग करायचं म्हटलं, तेव्हा घरातला शिकलेला मामू म्हणून मीच विरोध केला. रात्रपाळी, परकी माणसं, उद्या सोयरीक कशी जमायची? "डी.एड. कर," मी म्हणालो. अम्मी कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तेरेकू सलाईन कोन लगाई थी रे, पोस्टमन?"

विषय तिथंच संपला. भाची आज सरकारी रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात आहे.

मागच्या ईदला शीरखुर्मा खाताना मी तिला विचारलं, "तुम्ही लोक दुखणार नाही असं खोटं का बोलता?" ती हसली. "मी नाही बोलत मामू. मुंगी चावल्यासारखं होईल म्हणते. एकदा फसवलं की लेकरू परत हात देत नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "रडणारं लेकरू बरं असतं. अंगात ताकद आहे म्हणून रडतंय. गप पडून राहतं त्याची भीती वाटते. आम्ही पहिलं त्याच्याकडं पळतो."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. चाळीस वर्षांचा माझा राग चुकीच्या माणसावर होता.

इंग्लंडमध्येही गप राहणाऱ्या मुलांबद्दल असाच गैरसमज होता. तिथं आईबापांना ठरलेल्या दिवशी थोडा वेळच भेटू द्यायचे. मुलं दोन-तीन दिवसांनी गप झाली की ती रुळली, असं मानायचे. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दवाखान्यातल्या दोन वर्षांच्या एका मुलीवर फिल्म काढली आणि दाखवलं, की ते रुळणं नसतं, आतून खचणं असतं. १९५९ च्या प्लॅट अहवालानं आईबापांना मोकळेपणानं भेटू द्या, अशी शिफारस केली. आपल्याकडं आई खाटेखाली झोपते. गर्दी होते म्हणून आपण कुरकुरतो, पण लेकराला त्याचाच आधार असतो.

नुसत्या मायेवर मात्र भागत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. १० बाळं गेली, ७ वाचली. त्या रात्री भाची आपल्या दवाखान्यात नाईटलाच होती. सकाळी बातमी ऐकल्यावर तिनं आधी आपल्या वॉर्डातल्या वायरी तपासल्या, मग घरी फोन केला.

आपल्या समाजात अजून लोक म्हणतात, हे काम आपल्या मुलींचं नाही. मी त्यांना रुफैदा अल-अस्लमिया यांची आठवण देतो. मदिनेत मशिदीजवळ त्यांचा तंबू होता. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांना पैगंबरांनी (स.) उपचारासाठी त्यांच्याच तंबूत ठेवलं होतं. चौदाशे वर्षांपूर्वी जे चाललं, ते आज का खटकावं?

यंदा मोहल्ल्यातल्या एका मुलीचा नर्सिंगचा फॉर्म मी स्वतः भरून दिला. तिचे अब्बा रात्रपाळीचं विचारत होते. मी त्यांना भाचीचा नंबर दिला आणि सांगितलं, "दुपारी चारनंतर लावा. त्याआधी ती झोपलेली असते."