यूविना क्यू

पुणे

चि. मुग्धास,

तुझ्या स्क्रॅबलच्या रॅकचा फोटो मिळाला. क्यू, ए, डी, आय, दोन व्ही आणि वर डब्ल्यू! हसू आलं आणि कीवही आली. फोनमध्ये अक्षरं भरली की शब्द धडाधड येतात, पण हॉस्टेलच्या स्पर्धेत फोन बाहेर ठेवायला लावतात, मग मामा तू शब्द शोधतोस तरी कसे, असं विचारलंयस. सांगतो. रॅककडे शेवटी येऊ.

फोनवरच्या यादीला मी नावं ठेवणार नाही. कॉलिन्स शब्दकोशाची यादी मोठमोठ्या स्पर्धांतही चालते. पण वर्णक्रमाने घोकलेलं ऐन वेळी दगा देतं. त्यापेक्षा एकेका अक्षराचा स्वभाव धरावा. ते कुणाच्या शेजारी बसतं, कुठे बसायला तयार नसतं, आणि मुळात आलं कुठून.

स्क्रॅबल जन्मलाच मुळी असल्या मोजदादीतून. आल्फ्रेड बट्स हा 1930च्या दशकातल्या मंदीत बेकार झालेला अमेरिकन वास्तुविशारद. त्याने वर्तमानपत्रांची पानं पुढ्यात घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून 100 टाइल्स वाटल्या. ई 12, क्यू आणि झेड एकेकच. एस मात्र हात आखडून 4च दिले, नाहीतर जो तो नामाला एस चिकटवून अनेकवचनं करत सुटला असता. म्हणून एस आला की उधळायचा नाही, जपून ठेवायचा.

आता तुझा क्यू. शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की क्यूच्या मागोमाग यू येतोच. भेंड्यांत कुणी 'ळ'वर आणून सोडलं की आपण 'ल' घेऊन सुटतो, तशी सूट इथे नाही. यू मिळाला नाही तर 10 गुणांचा क्यू हातात कुजत बसतो. पण अरबीतल्या घशातून काढायच्या 'क'साठी इंग्रजीत बहुतेकदा क्यू लिहितात आणि त्याला यू लागत नाही. फकीर, बुरखा, नकाब, तलाक, कव्वाली हे सगळे कॉलिन्समध्ये क्यू घालून आणि यू न घालता बसलेत. बघ, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहेत, फक्त स्पेलिंग ठाऊक नव्हतं. येमेनमध्ये चघळतात तो पाला क्यू-ए-टी, अरबी बाजार एस-यू-क्यू. यात यू आहे, पण क्यूच्या आधी! आणि चिनी प्राणशक्ती क्यू-आय. हे दोन अक्षरी रत्न एकटं शेकडो डाव वाचवतं.

जेचीही अशीच गंमत आहे. अस्सल इंग्रजी शब्द जेवर संपायला राजी नसतो. ब्रिज म्हण, एज म्हण, शेवटी डी-जी-ई लावून 'ज' काढतात. मग जेवर संपणारे शब्द आणायचे कुठून? राज, ताज, हज, स्वराज. आमच्या क्लबात एकाने 'स्वराज' लावला तेव्हा समोरच्याने चॅलेंज केलं आणि आपली पाळी घालवून बसला. लोकमान्यांना बरं वाटलं असतं.

व्हीचं मात्र काही खरं नाही. कॉलिन्समध्ये सव्वाशेच्या आसपास दोन अक्षरी शब्द आहेत, त्यांतल्या एकातही व्ही नाही. शब्दाच्या शेवटी बसायलाही तो कुरकुरतो. पूर्वी यू आणि व्ही ही एकाच अक्षराची दोन रूपं होती. इथे 'व्ह' वाचा हे कळावं म्हणून पुढे ई लावायचे. गिव्ह, हॅव्ह यांच्या शेपटीचा तो मुका ई तेव्हापासूनचा. खेळात याचा अर्थ असा की बोर्डावर व्ही पडला की त्याला खेटून समांतर शब्द लावता येत नाही. पुढे असलीस तर वाटा बंद करायला तो कामाचा, मागे असलीस तर गळ्यातलं लोढणं.

स्वर नसले तर रडायचं नाही. वेल्श भाषेत डब्ल्यू हाच स्वर असतो, म्हणून सी-डब्ल्यू-एम चालतो. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या वेस्टर्न कूम या दरीबद्दल तू वाचलं असशील. 1921 साली गिर्यारोहक मॅलरीने दिलेल्या नावातला कूम तो हाच.

सात अक्षरं एका दमात लावली की 50 गुण जास्तीचे. त्यासाठी एस, ए, टी, आय, एन, ई ही सहा जमवत राहायची. सातवं जवळजवळ कुठलंही आलं तरी शब्द होतो. आर आला तर रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टिअर, स्टेनर, शिवाय रेट्सिना नावाची ग्रीक दारू. आईला हे शेवटचं उदाहरण वाचून दाखवू नकोस.

अर्थ कळायलाच हवा का, हेही विचारलंयस. 2007ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली, ती जिंकणाऱ्या न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने 2015मध्ये फ्रेंच भाषेतली स्पर्धा जिंकली. फ्रेंच बोलता येत नसताना! 2024मध्ये स्पॅनिशमधली. तेव्हा नियमाने अर्थाची गरज शून्य. मला मात्र ते जमत नाही. तो शब्द कुठल्या मुलखातून आलाय हे कळल्याशिवाय माझ्या डोक्यात टिकत नाही, आणि खरं सांगायचं तर नुसती अक्षरं पाठ करण्यात मला रसही नाही.

आता रॅक. क्यू, ए, आय, डी म्हणजे कायद, अरबी नायक. कायदेआझममधला तोच, आपल्या कायद्याशी त्याचं नातं नाही. शेवटची दोन अक्षरं उलट केलीस की होतो काझी, तोही चालतो. कुठलाही लाव, 14 गुण, पण हातात दोन व्ही आणि डब्ल्यू उरतात. दुसरी चाल व्ही-आय-व्ही-डी-ए. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर वाऱ्यावर सुकवतात ते मटण. 12 गुण, दोन्ही व्ही जातात, पण क्यू गळ्यात राहतो, आणि डाव संपला तरी तो हातातच असेल तर 10 गुण वजा. डाव अर्धा व्हायचा असेल तर मी कायद लावेन. पिशवीत टाइल्स किती उरल्यात आणि बोर्डावर एखादा ई मोकळा आहे का, ते फोटोत दिसत नाही. कळव.

तुझा,
मामा