सात माणसे, साडेतीन तिकिटे

उन्हाळा किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की वर्तमानपत्रांची पाने सहलींच्या जाहिरातींनी भरून जातात. दुबई चार रात्री, थायलंड पाच रात्री, काश्मीर सहा रात्री. मोठ्या अक्षरांत किंमत, तिच्या डोक्यावर एक छोटी चांदणी, आणि त्या चांदणीचा अर्थ अगदी तळाशी बारीक अक्षरांत. तो आम्ही चष्मा लावून वाचला. ‘मुंबईपासून’ असे तिथे लिहिले होते.

वाचकहो, आम्ही यवतमाळचे. इथून मुंबईला जायचे तर आधी एसटीने धामणगाव गाठायचे, मग रात्रभराची रेल्वे, मग विमानतळापर्यंतची टॅक्सी. परत येतानाही तेच. सात माणसांचा हा खर्च जाहिरातीत नसतो. वर ५ टक्के जीएसटी, आणि सहल परदेशी असेल तर टीसीएस वेगळा. म्हणून आमचा पहिला सल्ला हाच की कोणत्याही पॅकेजचा हिशोब स्वतःच्या घराच्या उंबरठ्यापासून करावा. मुंबईपासून केलेला हिशोब मुंबईकरांच्या कामाचा.

गेल्या दिवाळीत आमच्या घरी हाच वाद झाला. भिशीचे पैसे हाती आले होते. आमची पंधरा वर्षांची लेक दुबईच्या जाहिरातीवर बोट ठेवून बसली होती. तिच्या वर्गातल्या दोघी जाऊन आल्या होत्या. अम्मी काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या उमऱ्यासाठी आम्ही कित्येक वर्षांपासून थोडे थोडे बाजूला टाकतो आहोत, हे घरात सर्वांना ठाऊक होते. दुबईला गेलो असतो तर भिशी संपली असती आणि उमऱ्याचे पैसेही मोडावे लागले असते. शिवाय अब्बांना ७८ वे वर्ष लागलेले, तेव्हा ते घरीच थांबणार आणि त्यांच्यासोबत अम्मी व फुफीही. म्हणजे घरातले तिघे मागे राहणार आणि त्यांच्याच पैशांनी चौघे फिरून येणार. हे आमच्या मनाला पटेना.

मग जवळचे पर्याय काढले. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य आपल्याच जिल्ह्यातले. इथला एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला आणि शेकडो कोस चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, ही बातमी देशभर गाजली होती. पण सफारीच्या जिप्सीत पर्यटक सहाच बसतात. आम्ही सात. दुसरी जिप्सी करायची तर खर्च दुप्पट, आणि वाघ दिसेलच असे कोणी सांगू शकत नाही. लहान कुटुंबाने मात्र टिपेश्वर जरूर पाहावे. जिप्सीचे भाडे माणशी नसून गाडीचे असते, तेव्हा सहा जण मिळून गेल्यास परवडते.

इतक्यात अब्बा म्हणाले, “मला एकदा रेल्वेत बसव. कळंबहून सुटते ती.”

ज्यांना आमचा जिल्हा माहीत नाही त्यांना हे मागणे किरकोळ वाटेल. यवतमाळ हे जिल्ह्याचे ठिकाण, पण आज इथून एकही रेल्वे सुटत नाही. पूर्वी शकुंतला होती. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी ही नॅरोगेज गाडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी एका खाजगी ब्रिटिश कंपनीने हा मार्ग टाकला. अंतर ११३ किलोमीटर. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होते. अब्बांची वरात त्याच गाडीने दारव्ह्याला गेली होती. आता ती गाडी काही वर्षांपासून बंद आहे. आमच्या नऊ वर्षांच्या मुलाने तर रेल्वे फक्त चित्रात आणि मोबाइलवर पाहिलेली.

वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग २००८-०९ मध्ये मंजूर झाला. त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. ठरले की कळंबपर्यंत एसटी, तिथून रेल्वेने वर्धा, मग सेवाग्राम, आणि संध्याकाळी एसटीने घरी.

आता एसटीचा हिशोब पाहा. राज्य शासनाने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास दिला. अब्बांचे तिकीट शून्य. अम्मी, फुफी, सून आणि नात अशी चार अर्धी. ५ ते १२ वर्षांचे मूल अर्धे, म्हणून मुलाचेही अर्धे. पूर्ण तिकीट घरात फक्त एकाचे. सात माणसे, साडेतीन तिकिटे! जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले तेव्हा आम्हीही कुरकुर केली होती. पण खरी गोष्ट अशी की आमच्या घरातल्या स्त्रिया आज जितक्या फिरतात तितक्या पूर्वी कधी फिरत नव्हत्या. फुफी विधवा झाल्यापासून माहेर आणि दवाखाना याखेरीज कुठे गेल्या नव्हत्या. अर्धे तिकीट झाल्यामुळे “माझ्यासाठी कशाला खर्च” हे त्यांचे वाक्य बंद झाले.

रेल्वेची बातमी उलट आहे. ज्येष्ठ पुरुषांना ४० टक्के आणि ज्येष्ठ महिलांना ५० टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी बंद झाली. कळंब ते वर्धा अंतर थोडे, म्हणून आम्हाला ते जाणवले नाही. पण मुंबई किंवा अजमेरला जाणाऱ्या वृद्धांना ते फार जाणवते. ही सवलत परत मिळायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गाडीत अब्बा खिडकीशी बसले, मुलगा त्यांच्या मांडीला खेटून. भिडी गेले, देवळी गेले. दोन्हीकडे कपाशी फुटलेली, बाया वेचणी करत होत्या. अब्बा सगळा वेळ मुलाला सांगत होते की शकुंतला इतकी हळू चालायची की माणसे उतरून पुन्हा चढायची.

वर्ध्याहून सेवाग्राम आठ किलोमीटर. दोन ऑटो कराव्या लागल्या आणि दिवसभरात तोच खर्च खिशाला लागला. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. आश्रम परिसर म्हणून डबा शाकाहारीच नेला होता. मेथीचे पराठे, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचे. झाडाखाली चादर अंथरून जोहरची नमाज झाली. सरहद्द गांधी खान अब्दुल गफ्फार खान १९३४ मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या सोबत राहिले होते आणि इथूनच त्यांना अटक झाली होती, हे आम्ही लेकीला सांगितले. तिने बापू कुटीची मातीची भिंत हाताने चाचपून पाहिली आणि म्हणाली, “एवढ्याशा घरात?” दुबईचे नाव त्या दिवशी तिने काढले नाही. पुढे काढणारच नाही, असा आमचा दावा नाही. स्वतः कमावून गेली तर आम्हाला आनंदच होईल.

तुम्हीही अशी सहल काढणार असाल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. कळंबची गाडी रोज नसते, तेव्हा आधी चौकशी करा. ज्येष्ठांचे आधार कार्ड सोबत ठेवा. एसटीची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते. पैनगंगा ओलांडून आदिलाबादला गेलात तर पुढचे पूर्ण पैसे द्यावे लागतात. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास चांगला आहे, पण घरात अर्धी तिकिटे जास्त असतील तर आधी दोन्हींचा हिशोब मांडून पाहा.

आणि पाचवी गोष्ट. ठिकाण ठरवण्याआधी घरातले कोण कोण येऊ शकेल ते विचारा. लांबची सहल पुढेही काढता येईल, पण वडीलधारी माणसे तोवर सोबत असतीलच असे नाही.

घरी आल्यावर अब्बांनी विचारले, “ही गाडी यवतमाळपर्यंत कधी येणार?” आम्हाला नेमके सांगता आले नाही. आम्ही इतकेच म्हणालो, “येईल तेव्हा पहिल्याच दिवशी बसू, इन्शाअल्लाह.” ते हसले आणि म्हणाले, “माझे तिकीट तेव्हाही तुम्हीच काढा.” भिशीची उरलेली रक्कम त्याच रात्री अम्मींच्या उमऱ्याच्या डब्यात गेली.