गराजमधलं वाचनालय

परवा एकदाचं आयआरएसचं पत्र आलं. आमचं गराजमधलं मराठी वाचनालय आता अधिकृत ‘नॉन-प्रॉफिट’ झालं! कसं केलंत म्हणून बरेच जण विचारत होते, तर म्हटलं लिहूनच टाकावं.

मला वाटायचं, आपण नफा घेत नाही म्हणजे झालोच नॉन-प्रॉफिट. कसलं काय! इथे कॅलिफोर्नियात आधी राज्याकडे आर्टिकल्स ऑफ इन्कॉर्पोरेशन भरायची, फी ३० डॉलर. मग ईआयएन नंबर, बायलॉज, आणि मग आयआरएसकडे करमाफीचा अर्ज. वर्षाची जमा ५० हजार डॉलरच्या आणि मालमत्ता अडीच लाखांच्या आत राहणार असेल तर १०२३-ईझेड हा छोटा फॉर्म, फी २७५. (शाळांना मात्र तो चालत नाही.) नाहीतर मोठा फॉर्म, ६०० डॉलर. राज्याची करमाफी वेगळी, अ‍ॅटर्नी जनरलकडची नोंदणी वेगळी. कंटाळवाणं आहे, पण जमतं.

अडले ते दुसरीकडेच.

संचालक मंडळात मी, नवरा, भावजी आणि दोन मैत्रिणी अशी पाच नावं लिहिली होती. पण शनिवारच्या गोष्टींच्या तासाचं थोडं मानधन मी घेणार होते. ज्याला संस्थेकडून पैसे मिळतात तो आणि त्याचे नातेवाईक मिळून मंडळात ४९ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, असा इथला कायदा. नवरा तर आलाच, दीरसुद्धा आले. पाचांत तिघं घरचे! भावजी आपणहून म्हणाले, “वहिनी, मी बाहेर होतो.” गराजमधली कपाटं त्यांनीच ठोकलेली. त्यांच्या जागी शेजारच्या काकू आल्या. मानधन सोडते असं मी म्हटलं नाही, हे इथे कबूल करते.

आणि ते विसर्जनाचं कलम. संस्था बंद पडली तर उरलेलं सगळं दुसऱ्या धर्मादाय कामाला जाईल, कुणा माणसाला नाही, असं आधीच लिहून द्यायचं. बारशाच्या आधी मृत्युपत्र! लिहिताना नजर गेली बाबांच्या पुस्तकांवर. सांगलीहून तीन खेपांत आणलेली, प्रत्येकावर त्यांची सही आणि तारीख. संस्थेच्या यादीत घातली की ती माझी उरणार नाहीत. उद्या वाचनालय मिटलं तरी घरात परत येणार नाहीत.

बाबांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, “मुलं वाचतात ना गं?”

वाचतात. ‘फास्टर फेणे’चं तर कव्हर निघालंय.

दोन दिवस घेतले, मग यादी केली. एकशे बारा पुस्तकं. एक मात्र काढून घरात ठेवलंय. कुठलं ते सांगणार नाही.

ता. क. : आमच्याएवढ्या छोट्या संस्थांनी दरवर्षी ९९०-एन भरायला विसरू नका. सलग तीन वर्षं चुकलं की करमाफी आपोआप जाते.