झिजेचे देणे कोणाचे?

भाड्याने दिलेल्या घराविषयीचा सर्वांत कडवट वाद भाडे ठरवताना होत नाही. तो घर रिकामे करण्याच्या दिवशी, काळवंडलेल्या भिंतीसमोर अनामत रकमेचा हिशेब करताना होतो. अनामत म्हणजे भाडे थकल्यास किंवा घराची हानी झाल्यास भरपाई व्हावी म्हणून आगाऊ ठेवलेली परतीची रक्कम. या वादाचे मूळ झीज आणि नुकसान या दोन गोष्टींतील भेद न पाहण्यात आहे. माणसे राहिल्यामुळे आणि ऋतू सरल्यामुळे घरात जो ऱ्हास होतो ती झीज, तर निष्काळजीपणामुळे किंवा गैरवापरामुळे जे बिघडते ते नुकसान. झिजेचा मोबदला घरमालकाला भाड्याच्या रूपाने दरमहा मिळालेला असतो, म्हणून तिच्यासाठी अनामत कापणे म्हणजे एकाच गोष्टीचे पैसे दोनदा घेणे होय, आणि ते अन्यायाचे आहे.

कायद्याचीही हीच भूमिका आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मुख्यतः त्याच्या अनुसूचींत दिलेल्या क्षेत्रांपुरता लागू होतो. त्या क्षेत्रांबाहेरच्या खेड्यात, वेगळा करार नसल्यास, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 मधील कलम 108 आधाराला येते. त्यानुसार भाडेकरूने घर जसे ताब्यात घेतले त्याच स्थितीत परत करावयाचे असते, परंतु वाजवी झीज आणि अनिवार्य शक्तीमुळे, म्हणजे माणसाला रोखता न येणाऱ्या आपत्तीमुळे, झालेले बदल यातून वगळलेले आहेत. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा जिल्ह्यात घरांत पाणी शिरले, तशा प्रसंगी ही वगळणूक भाडेकरूला केवढा आधार देते हे वेगळे सांगावयास नको. प्राप्तिकराच्या व्यवस्थेतही झीज गृहीत धरलेली आहे: 1961 च्या कायद्याच्या कलम 24 ने घरभाड्याच्या निव्वळ वार्षिक मूल्यातून 30 टक्के वजावट दिली, आणि ती दुरुस्तीवर प्रत्यक्षात किती खर्च झाला यावर अवलंबून ठेवली नाही.

तुमसर तालुक्यातील, मध्य प्रदेशच्या सीमेलगतच्या बपेऱ्यासारख्या गावात बदलीवर आलेला शिक्षक किंवा आरोग्यसेविका किरायाने खोली घेते, तेव्हा झिजेचे खरे कर्ते कोण हे ओळखण्यासाठी घराच्या बांधणीकडे पाहावे लागते. कवेलूच्या छपरावर माकडांची टोळी एकदा उतरली तरी कवेलू सरकतात, फुटतात आणि पावसाचे पाणी थेट फाट्यांवर पडून लाकूड कुजते. यात किरायेदाराचा दोष शून्य असतो. विटांच्या भिंतीला लोणा लागतो, म्हणजे जमिनीतील ओल विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते आणि पाणी उडून गेल्यावर उरलेले पांढरे क्षार गिलावा सोलून काढतात. याचा ठपका हमखास घरात पाणी सांडणाऱ्या बिऱ्हाडावर ठेवला जातो, परंतु जोत्यावर ओलरोधक थर नसणे हे त्याचे बहुधा खरे कारण असते. स्लॅबच्या घरात उन्हाळ्याच्या तापाने बारीक तडे पडतात, त्यांतून पाणी सळयांपर्यंत पोचते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्यामुळे तो काँक्रीटचे पापुद्रे खाली ढकलतो. याउलट फुटलेले बेसिन, उपटलेली कडी किंवा भिंतीला पाडलेले भगदाड हे नुकसान असून त्याची भरपाई मागणे रास्त आहे.

मात्र भरपाईतही वस्तूचे वय वजा केले पाहिजे. एखाद्या रंगाचे आयुष्य पाच वर्षे धरले आणि चार वर्षांनी किरायेदाराकडून तो बिघडला, तर मालकाचे गेलेले मूल्य रंगाच्या खर्चाच्या एक पंचमांशाएवढेच असते. संपूर्ण रंगकामाचे पैसे मागणे म्हणजे जुन्याच्या बदल्यात फुकट नवे घेणे. असा हिशेब होण्यासाठी ताबा देताना खोलीनिहाय यादी, छायाचित्रे आणि दोघांच्या सह्या आवश्यक आहेत, कारण मूळ स्थितीची नोंद नसेल तर आठवणीलाच पुरावा मानण्याची पाळी येते.

भाड्यात झिजेचा खर्च मावेनासा झाला की काय होते, हे मुंबईने दाखवून दिले. 1947 च्या भाडे कायद्याने तेथील जुनी भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली, चाळींची दुरुस्ती मालकांना परवडेनाशी झाली, आणि अखेर 1969 च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्ती करणारे मंडळ स्थापावे लागले. आजच्या 1999 च्या अधिनियमात कलम 14 नुसार दुरुस्तीचे दायित्व मालकाचे आहे. त्याने ती टाळल्यास भाडेकरू किमान 15 दिवसांची सूचना देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतची रक्कम कापून घेऊ शकतो.

घराची पाहणी दिवाळीच्या सुमारास करावी, कारण पावसाळा नुकताच सरलेला असल्यामुळे ओलीच्या रेषा तोवर भिंतींवर स्पष्ट दिसतात. त्या दिवसांत धानकापणीमुळे मजूर मिळणे कठीण असते, म्हणून तेव्हा केवळ नोंद करून कवेलू फेरण्याचे आणि तडे बुजवण्याचे काम उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, उरकून घ्यावे.