पोचे, खळगे, करकोचे

11 जून
माळ्यावरून आजीचा तांब्याचा हंडा काढला. पोटाला मोठा पोचा. आईने हात फिरवून पाहिलं. "काठ शाबूत आहे. पोचा निघेल. काढून आण."

12 जून
उकाडा. आई दुपारभर झोपली. एवढी कधी झोपत नाही.

14 जून
कसबा पेठेत, तांबट आळीत. गल्लीत वळायच्या आधीच ठोके ऐकू येतात.
कारागिराने हंडा उलटा मांडीवर घेतला आणि दुसरीकडेच बघत बोटांनी चाचपला. "ताई, तुम्हाला एक पोचा दिसतोय. बारीक आणखी आहेत." मी तिथेच बोटं फिरवली. मला काही लागलं नाही.
शेजारचा नव्या घंगाळावर मठार मारत होता. गोल तोंडाची हातोडी, ठोक्याला लागून ठोका, ओळीने. प्रत्येक ठोक्याची उथळ वाटी उमटते आणि चकाकते. शोभेसाठी का, विचारलं. "शोभा मागाहून. ठोक्यानं तांबं कडक होतं. नाहीतर पत्रा लेचापेचा राहतो."
आमच्या हंड्याचं उलटं. आधी तापवून मऊ करायचा, मग आतून पोचा उचलायचा. महिनाअखेरीस या म्हणाले.

15 जून
पाऊस आला एकदाचा.

17 जून
आईच्या पायातले मोजे मी काढले. घोट्याच्या वर करकोचा. खोल, मोज्याच्या विणीसकट उमटलेला.
"रबर घट्ट आहे गं."
रबर सैल आहे. मोजे जुने आहेत.
परकराच्या नाडीचा कमरेवर पडतो तो करकोचा. जड पिशवीच्या बंदाचा बोटांवर पडतो तो. वळ वेगळा, तो वर उठतो. हा आत जातो आणि थोड्या वेळात भरून येतो. यायला हवा.

18 जून
रात्री झोपण्यापूर्वी परत पाहिला. तसाच.

20 जून
रिक्षाने बँकेत. हाडं खिळखिळी. रिक्षावाले काका सारखं "खड्डे, खड्डे".
येताना चालत आले, बघत बघत. एके ठिकाणी डांबराचा नुसता टवका उडालाय. चेंबरच्या झाकणाभोवती रस्ता खचलाय. पाण्याच्या पाइपासाठी खणलेला चर अर्धवट बुजवलाय. बसथांब्यापाशी चाकांनी दाबून चाकोरी पडलीय आणि कडेला डांबराची वळी वर आलीय. प्रत्येकाचं कारण वेगळं, दुरुस्ती वेगळी. टवक्याला वरून डांबर पुरेल. चर थराथराने भरून धुमस करावा लागतो. झाकणाभोवती खचलं तर खालची माती कुठे वाहून जातेय ते आधी शोधायला हवं. तक्रारीत सगळ्याला "खड्डा" लिहिलं की सगळ्यात सारखीच खडी ओततात, आणि पुढच्या सरीत ती रस्ताभर. चीड येते. मी तक्रार लिहिली ती चार वेगळ्या नावांनी, चार जागा सांगून.

21 जून
ब्लाउज परत शिंप्याकडे. मी म्हटलं चुण्या पडतात. "चुण्या नाहीत बाई, झोळ आहे. चुणी शिवणीची, झोळ कापण्याचा." उसवून देतो म्हणाले.

22 जून
गवंडी आला. न्हाणीघरामागची भिंत. मला वाटत होतं पोपडे सुटलेत तेवढंच. त्याने नाणं काढून भिंतीवर वाजवत नेलं. एका जागी आवाज बदलला.
"पोपड्यांचं काही नाही. इथं पोट आलंय. आत पोकळ आहे."
गिलावा काढावा लागणार. खालच्या काँक्रीटला टाचे मारायचे, मगच नवा गिलावा. गुळगुळीत अंगावर तो धरत नाही.

23 जून
आई जिन्यात मध्येच थांबली. पाय जड झालेत म्हणाली. वर गेल्यावर म्हणाली, मी असं बोललेच नाही.

24 जून
डॉक्टर. त्यांनी आईच्या नडगीवर, घोट्याच्या जरा वर, अंगठा दाबून धरला. बोलत राहिले. मग उचलला.
खळगा. अंगठ्याच्याच आकाराचा. कडा स्पष्ट. मी बघत राहिले. भरेचना.
"दोन्ही पायांना सारखं?" हो. "सकाळी कमी, संध्याकाळी जास्त?" हो. "उशा किती लागतात झोपताना?" एकच. "रक्तदाबाची गोळी कुठली?" अ‍ॅम्लोडिपिन. उन्हाळ्यात डोस वाढवला होता.
त्यांनी कागदावर अधिकाची दोन चिन्हं काढली. खळगा किती खोल आणि किती वेळ राहतो, त्यावर एक ते चार. मग तपासण्या: क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, लघवी, हृदयाचा इको. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, हे दोनदा सांगितलं.
आई बाहेर येऊन म्हणाली, "केवढं दाबलं मेल्यानं."
रात्री माझ्या नडगीवर अंगठा दाबला. उचलल्याबरोबर भरलं. परत दाबला.

26 जून
लॅबमध्ये मोठी रांग. आई उपाशी, तरी बोलत होती. माहेरचं. पारनेर तालुका, निघोज, कुकडीचं पात्र. रांजणखळगे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काळ्या कातळात ते उघडे पडायचे. काही ओंजळभर, काही माणूस बुडेल एवढे, आतून घोटून काढलेले.
"कुणी खणले असं वाटायचं आम्हाला. वडील म्हणाले, तळाशी बघ. गोटे होते. पुरात गोटा खाचेत अडकतो आणि पाणी त्याला गरागरा फिरवतं. खडकही झिजतो, गोटाही. काठाशी जायचं नाही, एवढं मात्र बजावलेलं."
मग आजीचं निघालं. आजीच्या तोंडावर देवीचे वण होते. आई लहानपणी मांडीवर बसून त्यांवरून बोट फिरवायची. नाकाशेजारचा एक सगळ्यात खोल, तो तिचा लाडका. आजी हात झटकायची.
आपल्याकडे 1975 नंतर देवीचा रोगी नाही. माझ्या मुलाला "देवीचे वण" म्हणजे काय ते कळत नाही. हा शब्द जाऊ दे. त्याचं सुतक मी धरणार नाही.
नंबर आला तेव्हा आई नडगीच्या पुराविषयी काही सांगत होती असं वाटलं. कुकडीच्या म्हणत होती.

27 जून
रिपोर्ट उद्या. झोप नाही.

28 जून
इको नीट. लघवीत प्रथिनं नाहीत. क्रिएटिनिन, अल्ब्युमिन ठीक.
डॉक्टर म्हणाले, गोळीनेच सूज आली असावी, या गोळीने येते बऱ्याच जणांना. दुसरी दिली. "असावी" म्हणाले. घरी येईपर्यंत तोच शब्द डोक्यात.

1 जुलै
हंडा आणला. पोचा गेला. मला न लागलेले बारीकही गेले असणार.

3 जुलै
महापालिकेचं कुणी येऊन फक्त चर भरून गेलं. धुमस केलेला दिसतो.

6 जुलै
करकोचा पडला, पण रात्रीच्या जेवणापर्यंत गेला. आईच्या नडगीचं हाड दिसायला लागलंय. अंगठा दाबू का विचारलं. "तू काय डॉक्टर आहेस?" मग पाय पुढे केला. पडतो अजून खळगा. उथळ. लवकर भरतो.

9 जुलै
पाट्याला टाकी लावणारी बाई गल्लीत ओरडत गेली. आईने खिडकीतून हाक मारली. पाटा गुळगुळीत झालाय, मिरची नुसती घसरते, वाटलीच जात नाही, ही तिची जुनी तक्रार.
बाईने पाटा जिन्याखाली घेतला. छिन्नी तिरकी धरून, हातोडीचे हलके ठोके. रांग, मग तिला लागून रांग, मध्ये हाताने धूळ झाडायची. कोपऱ्याशी जपून, तिथे कपचा उडतो म्हणाली. मी हात लावला. खरखरीत, बोटाला धरणारा.
"आधी जाडं मीठ वाटून फेका. मग तांदूळ वाटा, तेबी फेका. कच राहती नाहीतर दातात."
आई खाली बसून मीठ वाटतेय. एक पाय पसरून. घोट्यापाशी थोडी सूज आहेच. पुढच्या आठवड्यात परत दाखवायचं. मोजे नवे आणायचे, रुंद रबराचे.